कर्तृलोप आणि जतन : बंद पडलेल्या कारखान्याच्या चॉपर मोटारसायकलीची चिकित्सा

१

ग्रंथकर्त्याच्या निधनानंतर ग्रंथ उरतो आणि त्याच्या जतनाचा भार लेखनिकांवर, टीकाकारांवर व अखेरीस संपादकांवर येऊन पडतो. ह्या व्यवहाराला पाठचिकित्सेचे शास्त्र लाभलेले आहे. यंत्राच्या बाबतीत असा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण बहुतेक यंत्रे आपल्या कारखान्याच्या आधी मोडीत निघतात. परंतु कधी कधी क्रम उलटा होतो. कारखाना बुडतो, त्याच्या इमारतीत दुसरेच कोणी येते, आणि त्याने बनवलेले यंत्र मात्र रस्त्यावर धावत राहते. अशा वेळी ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचे त्या यंत्राशी नाते कोणते? तो केवळ मालक, की कारागीर, की कर्ता?

अमेरिकेतील 'चॉपर' जातीच्या मोटारसायकलींच्या संदर्भात ह्या प्रश्नाला एक ठरावीक उत्तर दिले जाते. ते असे, की चॉपर बाळगणारा हाच तिचा खरा कर्ता होय. कारखान्याने दिलेली गाडी ही केवळ कच्ची सामग्री, आणि तिला रूप देतो तो तिचा धनी. हे उत्तर आकर्षक आहे. चित्रपटांनी आणि जाहिरातींनी ते दृढमूल केले आहे. परंतु कारखाना नाहीसा झाल्यानंतर त्याच गाडीची निगा राखण्याचा प्रसंग येतो, तेव्हा हे उत्तर कितपत टिकते, ह्याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे.

२

आरंभ शब्दापासून करणे सोयीचे. 'चॉप' म्हणजे तोडणे, छाटणे. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपल्यावर परतलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी अनेकांनी जड मोटारसायकली हलक्या करण्यासाठी त्यांचे पुढचे मडगार्ड काढून टाकले व मागचे आखूड केले. घोड्याची शेपटी छाटावी तसा हा प्रकार, म्हणून ह्या गाड्यांना 'बॉबर' हे नाव मिळाले. पुढे, विशेषतः १९६० नंतरच्या दशकात, छाटणी अंगावरच्या साजापुरती राहिली नाही. गाडीच्या सांगाड्याचा मानेकडचा भाग कापून, कोन बदलून, पुन्हा जोडला जाऊ लागला. 'चॉपर' हा शब्द ह्या दुसऱ्या अवस्थेत स्थिर झाला. म्हणजे एकाच क्रियापदाचा अर्थ वरच्या आवरणाकडून अस्थींपर्यंत सरकत गेलेला दिसतो.

ह्या जातीच्या परिभाषेत दोन स्तर स्पष्ट दिसतात. पहिला थट्टेचा. उंच हँडलाला 'एप हँगर' म्हणतात, कारण ते धरणारा माणूस फांदीला लोंबकळणाऱ्या वानरासारखा दिसतो. मागे बसणाऱ्याच्या पाठीच्या टेकणाला 'सिसी बार', म्हणजे भित्र्याचा आधार, असे हिणवले जाते. पायाने चालवावयाच्या क्लचला 'सुइसाइड क्लच' हे नाव आहे. गियर बदलताना एक हात हँडलावरून काढावा लागतो आणि थांबलेल्या गाडीला सावरणारा एक पायही गुंतून पडतो, म्हणून. ह्या तिन्ही नावांत त्या अवयवाचे कार्य सांगितलेले नाही. त्यामुळे चालवणाऱ्याच्या देहाचे काय होते, तेवढेच सांगितले आहे. दुसरा स्तर भूमितीचा. हँडलाचा कणा उभ्या रेषेशी जो कोन करतो त्याला 'रेक' म्हणतात. सर्वसाधारण मोटारसायकलीत तो २४ ते ३० अंशांच्या दरम्यान असतो. चॉपरमध्ये तो ४० अंशांच्या आसपास जातो. त्या कण्याची रेषा खाली वाढवली असता ती जमिनीला जेथे मिळते तो बिंदू, आणि पुढचे चाक जमिनीला जेथे टेकते तो बिंदू, ह्यांतील अंतर म्हणजे 'ट्रेल'.

थट्टेच्या शब्दांनी चॉपरची कीर्ती जगभर नेली, परंतु चालवणाऱ्याचा जीव दुसऱ्या स्तरातील शब्दांवर अवलंबून असतो. ट्रेल फार वाढला तर गाडी सरळ रस्त्यावर स्थिर राहते, पण मंद गतीत पुढचे चाक जडपणे एका अंगाला कलंडू पाहते. तो फार कमी झाला तर वेगात हँडल थरथरू लागते. म्हणून रेक वाढवणारा जाणता कारागीर फोर्कचे दोन दांडे धरून ठेवणाऱ्या जोडपट्ट्यांना, ज्यांना 'ट्रिपल ट्री' म्हणतात, स्वतंत्र कोन देऊन ट्रेल पुन्हा आटोक्यात आणतो. हा हिशेब तयार गाडीकडे पाहून डोळ्यांना दिसत नाही. तो बांधणाऱ्याच्या मनात, आरेखनात किंवा कारखान्याच्या नोंदवहीत असतो. ह्या नोंदवहीचा प्रश्न पुढे येणारच आहे.

३

चॉपर ही मूलतः एकट्या कारागिराची निर्मिती. परंतु १९९० नंतरच्या दशकात ती कारखान्यात तयार होऊ लागली, आणि येथे एक चमत्कारिक विरोध उत्पन्न झाला. ज्या वस्तूचे सारे मोल तिच्या एकमेवपणात, ती वस्तू मालिकेने निर्माण होऊ लागली. टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ येथे १९९५ मध्ये स्थापन झालेली 'अमेरिकन आयर्नहॉर्स' ही कंपनी ह्या वर्गातील प्रमुख होय. 'टेक्सास चॉपर', 'स्लॅमर', 'आउटलॉ' अशी तिच्या गाड्यांची नावे. सांगाडा आणि रंगकाम कंपनीचे. इंजिन मात्र विस्कॉन्सिनमधील 'एस अँड एस सायकल' ह्या स्वतंत्र निर्मात्याचे. २००३ साली सुरू झालेल्या 'अमेरिकन चॉपर' ह्या दूरचित्रवाणी मालिकेच्या काळात ह्या गाड्यांची हौस शिगेला पोचली होती. घरांच्या वाढत्या किमतींवर कर्ज काढून हौस भागवण्याचा तो काळ. तो संपला आणि २००८ मध्ये अमेरिकन आयर्नहॉर्स दिवाळखोरीत गेली. कॅन्सस राज्यातील विचिटा येथील 'बिग डॉग' ह्या दुसऱ्या मोठ्या निर्मात्याने २०११ मध्ये गाड्यांचे उत्पादन थांबवले.

कारखाना मेला म्हणजे नेमके काय मेले? सुटे भाग मिळेनासे झाले, हे सामान्य उत्तर. ते अपुरे आहे. त्या गाडीतील पुष्कळसे भाग मुळात त्या कारखान्याचे नव्हतेच. जे लोपले ते भागांच्या निवडीमागचे ज्ञान : कोणत्या वर्षी कोणता ब्रेक बसवला, मानेचा कोन किती ठेवला, तारांच्या जुडग्यातील कोणती तार कोठे जाते. जी कंपनी जिवंत असते ती सदोष भाग परत बोलावते व मालकाला पत्र पाठवते. मृत कंपनी पत्र पाठवीत नाही. दोष असला तर तो मालकानेच हुडकावयाचा असतो, आणि बहुधा तो रस्त्यावरच हुडकला जातो.

कंपनीचे नाव मात्र पुष्कळदा तिच्यामागे जगते. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे 'इंडियन' ह्या नामांकित मोटारसायकलीचे उत्पादन १९५३ मध्ये बंद पडले. परंतु १९५५ ते १९६० ह्या काळात इंग्लंडमधील रेडिच येथे बनलेल्या रॉयल एनफील्ड गाड्या अमेरिकेत 'इंडियन' ह्या नावाने विकल्या गेल्या. त्यानंतर ते नाव अनेक हातांतून फिरले, आणि २०११ मध्ये पोलारिस कंपनीने ते विकत घेतले. शब्द तोच, निर्देशित वस्तू वेगळी. १९५२ ची इंडियन बाळगणाऱ्याला आजच्या इंडियन कंपनीच्या दुकानात आपल्या गाडीचा वारसा सापडेल, पण वॉल्व्ह सापडणार नाही. नाव टिकणे आणि ज्ञान टिकणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत.

४

अशा गाडीची निगा राखणाऱ्यापुढचे पहिले काम वाचनाचे असते. सोस्यूरने भाषाव्यवस्था आणि व्यक्तीचा प्रत्यक्ष भाषाव्यवहार ह्यांत जो भेद केला तो येथे उपयोगी पडतो. गाडीतील काही अवयव व्यवस्थेचे असतात आणि काही केवळ त्या एका कारखान्याच्या बोलीचे.

चाकातील बेअरिंग हे व्यवस्थेचे उदाहरण. त्याच्या कडेवर '६२०४' असा आकडा कोरलेला असला तर त्याला व्याकरण आहे. शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतील छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो, म्हणजे येथे २०. हा नियम सगळ्या जगात मान्य असल्यामुळे ते बेअरिंग कोणत्या गाडीतून निघाले हे न सांगताही दुसरे मिळवता येते. स्क्रूच्या आट्यांचेही असेच. अमेरिकन पद्धतीत 'पाव इंच-वीस' असे लिहिले असेल तर पाव इंच व्यास व एका इंचात वीस आटे, असा त्याचा अर्थ. गाडीचा सतरा अक्षरी ओळखक्रमांक हीदेखील एक व्यवस्थाच. १९८१ पासून अमेरिकेत रूढ असलेल्या ह्या क्रमांकात रोमन लिपीतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत, कारण ती एक व शून्य ह्या अंकांशी गल्लत करतात. पहिली तीन चिन्हे निर्माता सांगतात, दहावे वर्ष सांगते. कारखाना बंद पडल्यावरही हा क्रमांक त्याची साक्ष देत राहतो.

बोलीचे उदाहरण म्हणजे विद्युत्-नियंत्रक. दिवे, इंजिन सुरू करण्याची कळ, सूचक दिवे ह्या साऱ्यांना एका बंद पेटीतून आज्ञा देणारा व खास त्याच कारखान्यासाठी बनवून घेतलेला भाग बिघडला, तर त्याला पर्यायी शब्द नसतो. तेथे संपूर्ण वाक्यच नव्याने रचावे लागते, म्हणजे तारांचे जुडगे मुळापासून पुन्हा बांधावे लागते.

ह्या दोन टोकांच्या मध्ये एक फसवा प्रदेश आहे, आणि खरा धोका तेथेच आहे. ब्रेकमधील द्रव पदार्थाचे उदाहरण घ्यावे. अमेरिकी परिवहन खात्याच्या आद्याक्षरांवरून ह्या द्रवांना डॉट ३, डॉट ४, डॉट ५ आणि डॉट ५.१ अशी नावे आहेत. ह्यांपैकी ३, ४ आणि ५.१ हे ग्लायकोलवर्गीय असून हवेतील ओलावा शोषून घेतात. डॉट ५ हा सिलिकोनचा असून तो पाणी शोषीत नाही आणि इतरांत मिसळत नाही. म्हणजे ५ आणि ५.१ ही नावे सख्ख्या भावंडांसारखी, पण ५.१ चे खरे सख्य ४ शी. नामकरणातील ह्या गफलतीने अनभिज्ञ मालक सहज चकतो. कोणता द्रव घालावयाचा ते टाकीच्या झाकणावर कोरलेले असते. हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिक जी पुष्पिका लिहितो, तिचेच कार्य हे झाकण करते. आता चॉपरच्या हौशी मालकाने शोभेसाठी ते झाकण काढून त्या जागी क्रोमचे कोरे, चकचकीत झाकण बसवले असेल, तर पुष्पिकाच फाडल्यासारखे झाले. त्याच्याकडून गाडी विकत घेणाऱ्यापाशी कारखाना नाही, पुस्तिका नाही आणि झाकणही नाही. अशा वेळी अंदाजाने ओतणे हे अज्ञानातून आलेले धाडस होय. शहाणा माणूस आधी जुना द्रव काढून त्याचा प्रकार तपासतो, कॅलिपरवर खूण शोधून त्याचा निर्माता निश्चित करतो, आणि शंका उरलीच तर आतील रबरी सीलसुद्धा बदलून नव्याने आरंभ करतो.

दुसरे उदाहरण पूर्वोक्त जोडपट्ट्यांचे. अपघातात वाकलेली पट्टी बदलताना त्याच मापाची दुसरी सापडली आणि ती बोल्टांवर नीट बसली, म्हणजे काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या पट्टीत कोन दिलेला होता आणि नवी सरळ आहे, तर ट्रेल बदलला. किंवा उलट, मुळात सरळ पट्टी होती आणि कोनाची बसवली, तर ट्रेल धोक्याच्या मर्यादेखाली गेला. मराठीतील 'बसणे' आणि 'जुळणे' ही दोन क्रियापदे येथे काटेकोरपणे वेगळी ठेवावयास हवीत. जो भाग बसतो तो जुळतोच असे नाही. पाठसंपादनातही छंदात बसणारा शब्द संदर्भाशी जुळेलच असे नसते. परंतु तेथे चुकीचे प्रायश्चित्त परीक्षणातून मिळते, आणि येथे ते महामार्गावर मिळते.

५

ह्या अनुभवाच्या कसोटीवर दोन प्रसिद्ध कृती घासून पाहणे उद्‌बोधक ठरेल. पहिली रॉबर्ट पर्सिग ह्यांचे 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' हे १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक. काही काळ बनारस येथे भारतीय तत्त्वज्ञानाचे अध्ययन केलेल्या ह्या लेखकाने मोटारसायकलीच्या देखभालीला तत्त्वचिंतनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. पर्सिग यंत्राचे दोन प्रकारे विच्छेदन करतात, एक घटकांनुसार आणि दुसरे कार्यांनुसार. मालक होऊ पाहणाऱ्याला आजही ही पायाभूत शिकवण आहे.

पुस्तकातील एक प्रसंग विशेष बोलका आहे. निवेदकाच्या मित्राची बी.एम.डब्ल्यू. गाडी, तिचे हँडल सैल झालेले. निवेदक सुचवतो, की बिअरच्या रिकाम्या डब्याचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून पट्टी म्हणून घालावी. तो मऊ असतो, गंजत नाही, कामाला उत्तम. मित्राला हा आपल्या किमती जर्मन गाडीचा अपमान वाटतो. हीच पट्टी जर्मनीहून खास मागवलेली म्हणून दिली असती तर त्याने आनंदाने घेतली असती, हे निवेदकाला नंतर सुचते. पदार्थ एकच, पण एका नावाने तो कचरा ठरतो आणि दुसऱ्या नावाने भाग. पर्सिग ह्यांचा निर्णय स्पष्ट आहे : कार्य पाहा, लेबल पाहू नका.

हा निर्णय बंद कारखान्याच्या गाडीला दिलासा देणारा वाटतो. परंतु तो जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. पर्सिग ह्यांच्या पुस्तकातील दोन्ही गाड्यांचे निर्माते जिवंत होते. मूळ पट्टीचे माप उपलब्ध होते, म्हणूनच पर्यायी पट्टी कोणत्या गोष्टीला पर्याय आहे हे निश्चित सांगता येत होते. मूळ पाठ हाताशी असताना पाठभेद सुचवणे सोपे. मूळच हरवले असता 'कार्य पाहा' हा उपदेश अर्धवट ठरतो, कारण त्या भागाचे कार्य काय होते हेच शोधावयाचे असते. पर्सिग ह्यांच्या चिंतनाचा केंद्रबिंदू एक माणूस आणि एक यंत्र ह्यांतील तल्लीन नात्यात आहे. अनाथ गाडीचा मालक मात्र एकट्याने काहीच करू शकत नाही. त्याला दुसऱ्या मालकाची तशीच गाडी उघडून पाहावी लागते, निवृत्त कारागिराची आठवण विचारावी लागते, कोणी जपून ठेवलेल्या पुस्तिकेची प्रत मिळवावी लागते. त्याची विद्या गुरुपरंपरेसारखी सामुदायिक आहे. पुस्तकाच्या थोरवीला ह्यामुळे बाध येत नाही. त्याची मर्यादा तेवढी दिसते.

दुसरी कृती 'ईझी रायडर' हा डेनिस हॉपर दिग्दर्शित चित्रपट, १९६९. अमेरिकी ध्वजाच्या रंगांनी रंगवलेल्या टाकीची 'कॅप्टन अमेरिका' ही चॉपर त्यामुळे जगाला ठाऊक झाली. चित्रपटात दुरुस्तीचा एक सुंदर प्रसंग आहे : एका शेतकऱ्याच्या वाड्यात नायक चाकाचे पंक्चर काढतो आणि शेजारीच शेतकरी घोड्याला नाल ठोकतो. दोन वाहने, दोन निगा, एकच वृत्ती. परंतु चित्रपटाच्या पडद्यामागचा इतिहास ह्या प्रसंगाशी विसंगत आहे. ह्या चॉपर घडवण्यात क्लिफ व्हॉज आणि बेन हार्डी ह्या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांचा प्रमुख वाटा होता. पोलीस खात्याने लिलावात काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांपासून त्या तयार झाल्या. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत ह्या दोघांची नावे नाहीत, आणि कित्येक दशके ती सर्वसामान्य प्रेक्षकाला ठाऊकही नव्हती. गाडीचे स्वातंत्र्य ज्याने पडद्यावर मिरवले त्याचे नाव झाले. ज्यांनी तिची मान कापून जोडली ते अनामिक राहिले.

गाड्यांचे पुढे काय झाले तेही ह्या विवेचनाला पोषक आहे. चित्रीकरणासाठी बांधलेल्या चार गाड्यांपैकी तीन चोरीला गेल्या. अखेरच्या प्रसंगात मोडलेल्या एकीचे अवशेष उरले. २०१४ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात 'कॅप्टन अमेरिका' म्हणून एक गाडी साडेतेरा लाख डॉलरना लिलावात गेली, आणि लगोलग वाद उपस्थित झाला, कारण टेक्सासमधील आणखी एक गाडी तोच मान सांगत होती. 'बाप दाखव नाही तर श्राद्ध कर' ही मराठी म्हण अशा प्रसंगी आठवल्यावाचून राहत नाही. दोन्ही गाड्यांत नव्याने घातलेले भाग कोणते, जुने कोणते, कोणी व केव्हा बदलले, ह्याची अखंड नोंद असती तर वादाला जागाच राहिली नसती.

६

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. अनाथ चॉपरच्या बाबतीत व्यवहारात दोन पक्ष आढळतात. पहिला शुद्धिवादी पक्ष : कारखान्यातून जशी निघाली तशीच गाडी ठेवावी; मूळ भाग मिळत नसेल तर गाडी उभी राहिली तरी चालेल. दुसरा स्वैर पक्ष : चॉपरचा जन्मच छाटण्यातून झाला, तेव्हा जे बसेल ते बसवावे. पहिला पक्ष चॉपरचा इतिहास विसरतो. ज्या गाडीचा सांगाडा एका कारखान्याचा, इंजिन दुसऱ्याचे आणि ब्रेक तिसऱ्याचा, तिच्या बाबतीत निर्भेळ मूळ ही कल्पनाच कृत्रिम आहे. दुसरा पक्ष भूमिती विसरतो, आणि त्याची शिक्षा पुढच्या मालकाला भोगावी लागते.

भारतीय तत्त्वचिंतनात ह्या वादाची पूर्वपीठिका आहे. 'मिलिंदपञ्ह' ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, की आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय. आणि निष्कर्ष असा निघतो, की 'रथ' हे अवयवांवर अवलंबून असलेले नाममात्र आहे. ह्याउलट न्याय-वैशेषिक परंपरा अवयवांहून भिन्न असा अवयवी मानते. एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न झाले, असे ती म्हणते. स्वैर पक्षाला नागसेन सोयीचा वाटेल आणि शुद्धिवाद्याला वैशेषिक. परंतु दोन्ही दर्शनांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती ही, की कोणता अवयव केव्हा बदलला हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. अनाथ गाडीत नेमके तेच ठाऊक नसते. म्हणून येथे तत्त्वमीमांसेपेक्षा संपादनशास्त्र अधिक उपयोगी पडते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या व १९६६ मध्ये पुऱ्या झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे धोरण विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनी आखले. व्यासांच्या मुखातून निघालेले मूळ मिळवून देण्याचा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून सिद्ध होणारा प्राचीनतम पाठ द्यावा, वगळलेला मजकूर फेकून न देता टिपांत व परिशिष्टांत जपावा, आणि ज्या पाठाविषयी पुरता निश्चय नाही त्याच्याखाली नागमोडी रेघ ओढावी, अशी ती पद्धती. संहितेच्या संपादनातून निघालेली ही तीन तत्त्वे यंत्राच्या निगेला जशीच्या तशी लागू पडतात. कारखान्याच्या मनातील गाडी मिळवण्याचा हट्ट सोडून, पुराव्याने जी सिद्ध होते ती गाडी राखावी. काढलेला मूळ भाग, निकामी असला तरी, चिठ्ठी लावून ठेवावा, कारण त्याचे माप हाच पुढच्या पाठाचा आधार. आणि जो बदल अनुमानाने केला असेल तो नोंदवहीत अनुमान म्हणूनच लिहावा. मानेचा कोन, ट्रेल, ब्रेकचा द्रव, तारांचे रंग ह्या चार नोंदी ज्या मालकाने कागदावर उतरवल्या, त्याने बुडालेल्या कारखान्याच्या स्मृतीचा एक तुकडा वाचवला, असे म्हणावे लागेल.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने ह्या विवेचनाला एक कायदेशीर अंगही आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाहून नोंदणीपत्रातील तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ह्या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. कायद्याच्या दृष्टीने उत्पादक हाच प्रमाण पाठ. सुरक्षिततेचा विचार करता ही भूमिका समंजस आहे. पण उत्पादकच उरला नसेल आणि त्याचा तपशील कोठेही उपलब्ध नसेल, तर प्रमाण कोणते, हा प्रश्न कायद्यापुढेही तसाच उभा राहतो.

सारांश, चॉपरचा मालक हाच तिचा कर्ता हे लोकप्रिय मत चिकित्सेला उतरत नाही. त्याच्या आधी तिला अनेकांचे हात लागलेले असतात : इंजिन घडवणाऱ्याचे, सांगाडा जोडणाऱ्याचे, रंग देणाऱ्याचे. त्यांची नावे त्याला ठाऊक नसतात, पण त्यांच्या कामावर तो दररोज आपला जीव सोपवतो. ह्या अनामिकांचा पाठ समजून घेणे, जेथे तो तुटला आहे तेथे पुराव्याने जोडणे आणि जोडलेले जोडले म्हणून सांगणे हे त्याचे काम. त्याला संपादक ही पदवी योग्य आहे, आणि ती कर्त्याच्या पदवीहून कमी प्रतीची मानण्याचे कारण नाही. व्हॉज आणि हार्डी ह्यांच्या बाबतीत जे घडले ते पुन्हा घडू नये असे ज्याला वाटते, त्याने आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर स्वतःच्या नावाआधी, जेवढी शोधता येतील तेवढी, त्या हातांची नावे लिहावीत.